पाण्याची पाळी कोणाची?

आज कुंड्यांना पाणी घालायची पाळी कोणाची, यावरून वनस्पती शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जेवढी भांडणं होतात, तेवढी शोधनिबंधावर कोणाचं नाव आधी यावरूनही होत नाहीत. या पुस्तकाच्या लेखिकेने पहिलं प्रकरणच त्या पाळीला दिलं आहे आणि ते पाहूनच मी प्रस्तावना लिहायला होकार दिला. संशोधनातल्या मार्गदर्शनावरची पुस्तकं बहुधा प्रेरणा, ध्येय, नेतृत्व असल्या शब्दांनी सुरू होतात. इथे पहिल्या पानावर एक तक्ता आहे. सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ, कुंड्यांचे नंबर, किती मिलिलिटर पाणी, घालणाऱ्याची सही. आणि तक्त्याखाली एकच शब्द : 'दिवाळीतही'.

लेखिका एके काळी माझ्याकडे पीएचडी करत होती. आता तिच्याकडे विद्यार्थी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहाय्यक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. सिनॉप्सिस कधी द्यायचा, प्रगती अहवाल किती महिन्यांनी, व्हायवाला कोण बसणार हे सगळं कागदावर असतं. विशी-पंचविशीतल्या या मुलामुलींना पाच वर्षं आपल्याबरोबर वागवताना काय द्यायचं, हे मात्र प्रत्येक गाइड आपल्या गाइडकडे पाहून शिकतो. तो गाइड चांगला असेल तर ठीक. नसेल तर तीच रीत पुढच्या पिढीत उतरते. आपल्या विषयात हे शिकणं लिहून ठेवण्याची गरज इतर विषयांपेक्षा जास्त आहे. त्याचं कारण माणसांत कमी आणि झाडांत जास्त आहे.

जिवाणूंवर काम करणाऱ्याचा सोमवारी फसलेला प्रयोग मंगळवारी पुन्हा लावता येतो. रब्बी ज्वारीवरचा प्रयोग जानेवारीत फसला तर पुढची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. फेलोशिप पाच वर्षांची धरली, पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसमध्ये गेलं, शेवटचं लिहिण्यात गेलं, की हातात तीन हंगाम उरतात. त्यातला एक अवकाळी पावसाचा. म्हणजे विद्यार्थ्याला शिकायला वाव असावा असं आपण म्हणतो तेव्हा तो वाव नेमका किती, हे झाड ठरवतं. गाइडने पहिल्याच महिन्यात विद्यार्थ्याबरोबर बसून हंगाम मोजायला हवेत. बहुतेक ठिकाणी ते चौथ्या वर्षी, घाईघाईने मोजले जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे झाडाला मोजलेलं कळतं. मार्क जॅफी यांनी १९७३ मध्ये दाखवलं की खोडाला दररोज नुसतं चोळलं तरी कित्येक झाडांची उंची खुंटते आणि खोड जाड होतं. म्हणजे ज्या कुंडीतल्या रोपाची उंची आपण पट्टी लावून रोज मोजतो, ते रोप न मोजलेल्या रोपासारखं राहत नाही. कंट्रोललाही तेवढाच हात लागला पाहिजे. आपण हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षांश भागांत मोजतो, तो चारशेच्या थोडा वर असतो. माणसाच्या उच्छ्वासात तो चाळीस हजारांच्या घरात असतो. पानाला क्लिप लावून प्रकाशसंश्लेषण मोजणाऱ्या नव्या मुलाला पहिली सूचना 'तोंड तिकडे कर' अशी असते ती यामुळे. दुपारी बारा ते दोन कडक उन्हात पर्णरंध्रं मिटू लागतात. सकाळी सगळे कंट्रोल उरकले आणि जेवणानंतर सगळ्या ट्रीटमेंट घेतल्या, तर मिळालेला फरक ट्रीटमेंटचा की घड्याळाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

यातलं फारच थोडं छापील निबंधांच्या 'साहित्य आणि पद्धती' या भागात असतं. ते हातातून हातात जातं. पानातलं सापेक्ष जलप्रमाण काढायचं साधं तंत्र घ्या. ताज्या पानाच्या चकत्या कापायच्या, वजन करायचं, चार तास पाण्यावर तरंगत ठेवायच्या, पुन्हा वजन, मग ओव्हनमध्ये वाळवून तिसरं वजन. शाळेतल्या गणितापलीकडे यात काही नाही. तरी एकाच कुंडीतल्या पानांवर दोन विद्यार्थ्यांचे आकडे पाच-सात टक्क्यांनी वेगळे येतात. पाण्यातून काढलेली चकती टिपकागदावर ठेवताना एक जण नुसती टेकवतो, दुसरी अंगठ्याने दाबते. दाबलेल्या चकतीतलं पाणी कागदात जातं. हे सांगून कळत नाही. दोघांना एका टेबलावर बसवून, एकमेकांच्या चकत्या टिपायला लावून, आकडे जुळेपर्यंत ते करवून घ्यावं लागतं. लेखिकेने यावर चार पानं खर्च केली आहेत. संपादकांनी ती कापू नयेत अशी मी विनंती केली होती आणि त्यांनी ती मानली.

किंवा स्कोलँडर यांचं दाबपात्र घ्या. १९६५ पासून जगभर पानातला पाण्याचा ताण त्याने मोजतात. पान देठासह कापायचं, देठाचं टोक रबरी गॅस्केटमधून बाहेर ठेवायचं, पातं पोलादी भांड्यात बंद करायचं आणि नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा. देठाच्या कापलेल्या तोंडाशी रस ओलावला की त्या क्षणी डायल वाचायची. दाब भरभर वाढवणारा विद्यार्थी तो क्षण ओलांडून पुढे जातो आणि झाड प्रत्यक्षात आहे त्याहून तहानलेलं दाखवतो. कधी रस न येता बुडबुडे येतात, त्यांनाही रस समजायचं नाही. आणि भिंग घेऊन तिरकं पाहायचं, डोळा थेट देठाच्या वर आणायचा नाही. गॅस्केट नीट बसलं नसेल तर देठ सुटून उडतो. ही शेवटची सूचना नव्या मुलाला पहिल्या दिवशी द्यायची असते आणि ती द्यायला गाइड त्या खोलीत हजर असावा लागतो. विभागप्रमुखाच्या केबिनमधून ती देता येत नाही.

प्रयोगशाळेत एक जाडजूड फाइल असते. प्रोटोकॉल्स. कोण्या जुन्या विद्यार्थ्याच्या अक्षरातल्या झेरॉक्स, कडेला पेन्सिलीच्या खुणा. हरितद्रव्य काढायचं ते ८० टक्के ॲसिटोनमध्ये. ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं आणि आरनॉनच्या सूत्रात घालायचं. व्हायवाला मी हमखास विचारते, आरनॉनचा १९४९ चा निबंध कशावर आहे? 'क्लोरोफिलवर, मॅडम.' तो आहे बीटच्या पानातल्या तांबेयुक्त एन्झाइमवर. हरितद्रव्याचं मोजमाप त्यात ओघात आलं आहे. सूत्रातले गुणांक त्याच्याही आधीचे, मॅकिनी यांनी १९४१ मध्ये दिलेले. ते नेमके नाहीत हे १९८९ मध्ये पोरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आणि दुरुस्त सूत्रंही दिली. तरी आपल्या थिसिसमध्ये जुनं सूत्र जसंच्या तसं उतरत राहतं, कारण ते फाइलमध्ये आहे आणि फाइल सरांच्या काळापासून आहे. विद्यार्थ्याने संदर्भयादीत घातलेला प्रत्येक निबंध उघडून पाहिला पाहिजे, हे सांगणारा गाइड स्वतः तो उघडतो का, हा खरा प्रश्न.

इथून मी पुस्तकाच्या गाभ्याकडे येते. लेखिकेचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर असं : मार्गदर्शकाला आवडणार नाही असा आकडा विद्यार्थी न घाबरता टेबलावर ठेवू शकतो का, यावर प्रयोगशाळेची परीक्षा करावी. बाकी सगळं, म्हणजे निबंध, प्रकल्प, उपकरणं, त्यानंतर. मला हे पूर्ण मान्य आहे. आपल्या शास्त्राच्या इतिहासात याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे आणि तिने ते दोन ओळींत उरकलं आहे, म्हणून ते मी इथे सविस्तर सांगते.

बर्लिनचे ओटो वॉरबर्ग हे आपल्या काळातले बडे प्रस्थ. १९३१ चं नोबेल त्यांना मिळालं. क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शैवाल आणि वायूचा दाब मोजणारा मॅनोमीटर ही दोन हत्यारं प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात त्यांनी रुळवली. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला प्रकाशाचे किती पुंज लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९२० च्या दशकात त्यांनी उत्तर काढलं : चार. म्हणजे निसर्गाचं यंत्र जवळपास परिपूर्ण. हे त्यांना शोभून दिसणारं उत्तर होतं. रॉबर्ट एमर्सन हा अमेरिकन तरुण त्यांच्याकडे आला, त्यांच्याच पद्धती शिकला आणि १९२७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतला. पुढे चार्लटन लुईस यांच्याबरोबर त्याने तेच मोजमाप पुन्हा केलं. उत्तर चार येईना, दहाच्या आसपास येई. एमर्सन आणि लुईस यांना कारणही सापडलं. दिवा लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत पेशींतून कार्बन डायऑक्साइडचा एक झोत बाहेर पडतो. मॅनोमीटर फक्त दाब मोजतो, तो वायू कोणता हे त्याला कळत नाही. थोड्या थोड्या वेळाने उजेड-अंधार करत मोजलं की हा झोत ऑक्सिजनच्या खात्यात जमा होतो आणि यंत्र आहे त्याहून कार्यक्षम दिसतं.

गुरूंनी हे मान्य केलं नाही. १९४८ मध्ये वॉरबर्ग इलिनॉयमध्ये अर्बानाला एमर्सनच्या प्रयोगशाळेत आले. दोघांनी एका छताखाली मोजून वाद मिटवावा असा बेत होता. वाद मिटला नाही. वॉरबर्ग परत गेले आणि १९७० मध्ये वारले तोवर आपल्या आकड्यावर ठाम राहिले. दरम्यान एमर्सन यांनी १९५७ मध्ये दोन वेगळ्या रंगांचा प्रकाश एकत्र दिला की प्रकाशसंश्लेषण दोन्हींच्या बेरजेहून जास्त होतं, हे दाखवलं. त्यातून पुढे दोन प्रकाशयंत्रणांची कल्पना आली आणि हिशेब लागला : एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन, प्रत्येकाला दोनदा ढकलावं लागतं, म्हणजे किमान आठ पुंज.

१९५६ मध्ये अलाहाबादहून गोविंदजी नावाचा तरुण एमर्सन यांच्याकडे आला, नंतर रजनी गोविंदजीही आल्या. १९५९ मध्ये एमर्सन विमान अपघातात गेले. त्यानंतर युजीन राबिनोविच यांनी या विद्यार्थ्यांना पुढे नेलं. वॉरबर्ग म्हणत होते की आमच्या पद्धतीने वाढवलेली कोवळी क्लोरेला आणि दहा टक्के कार्बन डायऑक्साइड वापरा, मग कळेल. रजनी गोविंदजी आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात नेमक्या त्या अटी पाळून मोजलं. आकडा आठ ते बाराच्या पट्ट्यातच राहिला. मला या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी वाटते ती ही शेवटची गोष्ट. विरोधकाच्या अटीवर मोजायचं, त्याने दिलेलं भांडं वापरायचं आणि मग काय येतं ते लिहायचं. इतकं काटेकोर मोजणं एमर्सन यांना वॉरबर्ग यांच्या प्रयोगशाळेतच शिकायला मिळालं होतं. वॉरबर्ग यांची मोजण्यातली शिस्त विलक्षण होती. विद्यार्थ्याने ती इतकी नीट आत्मसात केली की तिने गुरूंचाच आकडा पाडला. असा विद्यार्थी घडवणं हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं, त्यांना ते कितीही रुचलं नसतं तरी.

आपल्याकडे हा प्रसंग कसा घडतो? एका महाविद्यालयात मी प्रगती परिसंवादाला बाहेरची तज्ज्ञ म्हणून गेले होते. गव्हाच्या रोपांना वेगवेगळ्या प्रमाणात मीठ देऊन पानातलं प्रोलीन मोजायचं, असा एका मुलीचा विषय. हिवाळ्यातला संच देखणा होता, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे स्तंभ. उन्हाळ्यात ग्रीनहाउसमध्ये पुन्हा केलेला संच तिने दाखवलाच नाही. मी विचारलं, तर तिने गाइडकडे पाहिलं. ते म्हणाले, तो फसला, उष्णतेमुळे, आम्ही तो सोडला. तिने मान डोलावली. चहाच्या वेळी ती हळूच वही घेऊन आली. उन्हाळी संचात कंट्रोल आणि पहिल्या दोन ट्रीटमेंट यांत फरकच नव्हता, कंट्रोलमधलंच प्रोलीन चढलेलं. पानाच्या कडेला तिने आणखी एक आकडा लिहिला होता : टाकीतल्या पाण्याची विद्युतवाहकता. मार्चपासून नळाचं पाणी कमी पडलं की टाकी बोअरवेलने भरायचे, आणि ते पाणी खारं होतं. म्हणजे तिचं कंट्रोल मुळी कंट्रोल नव्हतंच.

हे तुला कसं सुचलं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, आम्ही शिरोळचे, मॅडम. कृष्णाकाठचा तो भाग. उसाला वारेमाप पाणी देऊन देऊन तिथल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर येतो, पोरवयापासून तिने तो पाहिलेला. कुंड्यांच्या कडेला तसाच थर दिसल्यावर तिने कोणालाही न विचारता मीटर बुडवला. थिसिसमधलं सगळ्यात चांगलं काम ते होतं आणि ते तिने लपवून ठेवलं होतं, कारण 'सरांनी स्लाइड काढायला सांगितली'. सर दुष्ट नव्हते. त्यांना सबमिशनची तारीख दिसत होती. पण पाच वर्षांत त्या मुलीला नेमका काय धडा मिळाला असेल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होते. न जुळणारा आकडा आपल्याजवळ ठेवायचा असतो, हा.

लेखिकेने यावर काही साधे उपाय दिले आहेत. वहीतलं पान फाडायचं नाही, आकडा खोडायचा तर एका रेघेने, खालचा वाचता येईल असा. कुठलंही रीडिंग वगळायचं ठरलं तर ते का, हे त्याच दिवशी लिहून दोघांनी सही करायची. लॅब मीटिंगमध्ये पहिला मान न जुळलेल्या निकालाला. आणि मीटिंगमध्ये गाइडने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. या शेवटच्या नियमाचा मला अनुभव आहे. तो पाळणं फार जड जातं, विशेषतः ज्यांना आपण विद्वान आहोत हे माहीत असतं त्यांना. गुरुपौर्णिमेला मुलं हार घेऊन येतात, पाया पडतात, त्याला माझी हरकत नाही, मीही पडत आले आहे. मात्र त्याच मुलांना सोमवारी तुमच्या गृहीतकाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडून करवून घेणं कठीण आहे, अशक्य नाही.

श्रेयाच्या प्रश्नावर मी थोडक्यात बोलते, कारण लेखिकेने त्यावर पूर्ण प्रकरण दिलं आहे. बर्कलीत मेल्विन कॅल्व्हिन यांच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी कार्बन, क्लोरेला आणि कागदी क्रोमॅटोग्राफी वापरून कार्बनचा मार्ग उलगडला, तो अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांच्या हातांनी. बेन्सन यांना १९५४ मध्ये तिथून बाहेर पडावं लागलं. १९६१ चं नोबेल एकट्या कॅल्व्हिन यांना मिळालं, आणि १९९२ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं त्यात बेन्सन यांचं नाव नाही. आज बरीच पुस्तकं त्या चक्राला कॅल्व्हिन-बेन्सन चक्र म्हणतात. ते घडायला अर्धं शतक लागलं. आपल्या विभागांत मामला एवढा मोठा नसतो. पहिलं नाव, दुसरं नाव, यंत्र चालवून देणाऱ्या प्रकल्प सहायकाचं नाव घालायचं की नाही, एवढंच. पण रडारड तेवढीच होते. प्रयोग लावण्याआधी नावांची यादी कागदावर लिहायची आणि काम बदललं की ती बदलायची, हा तिचा सल्ला कोरडा वाटेल, तरी तो पाळावा. पीएचडीच्या सबमिशनआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. त्यामुळे तरी नावांची ओढाताण थोडी निवळेल असं वाटलं होतं. पदोन्नतीचे गुण गाइडला हवेच असल्यामुळे ती फारशी निवळलेली दिसत नाही.

काही गोष्टी पुस्तकात नाहीत, त्या मी इथे जोडते. पहाटेचं रीडिंग. झाडातला पाण्याचा ताण सूर्योदयाआधी मोजायचा असतो, कारण रात्रभरात झाड आणि माती यांचा समतोल साधलेला असतो. म्हणजे पहाटे चारला शेतावर पोहोचायचं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री दहाला बंद होतं आणि सहाला उघडतं. परवानगीचं पत्र कोण देणार, गाडी कोण आणणार, बरोबर कोण असणार, हे ठरवणं हाही संशोधनाचा भाग आहे. ते न ठरवल्यामुळे हुशार मुलींचे विषय पहाटेच्या रीडिंगपासून दूर, टेस्ट ट्यूबकडे वळवले गेलेले मी पाहिले आहेत. आणि नंतर हेच लोक म्हणतात, शेतावर काम करायला मुली तयार नसतात.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे येणारी निम्मी मुलं शाळेत मराठीतून शिकलेली. झाड त्यांना उत्तम कळतं, पानाचा वरचा रंग पाहून नत्र कमी आहे की लोह, हे बापाने शेतात दाखवलेलं असतं. थिसिस मात्र इंग्रजीत. मग ती जुन्या थिसिसमधली वाक्यं उचलतात आणि सॉफ्टवेअरने पकडलं की त्यांच्यावर चोरीचा शिक्का. अशा मुलाला आधी निकाल मराठीत सांगायला लावा, फळ्यावर, सगळ्यांसमोर. त्याला काय म्हणायचं आहे ते त्याला कळलं की इंग्रजी वाक्य तुम्ही दोघं मिळून करू शकता. न कळलेलं मात्र कुठल्याही भाषेत लिहिता येत नाही.

पाहण्याला मोकळा वेळ लागतो, हेही सांगायला हवं. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोत्र्याचे परागकोश पोषक माध्यमावर ठेवले होते. हेतू वेगळा होता, पेशीविभाजनाचा अभ्यास करायचा होता. परागकोशांतून बारीक भ्रूण बाहेर येताना दिसले. ते कचरा म्हणून फेकले गेले असते तर कोणालाही कळलं नसतं. ते पाहिले गेले, परागकणांपासून उगवले आहेत हे तपासलं गेलं आणि त्यातून अर्धगुणित वनस्पती तयार करण्याची वाट जगभरच्या पीक सुधारकांना मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पराशरामी आणि मस्करेन्हस यांनी बांबूची रोपं काचपात्रात फुलवली, १९९० मध्ये ते 'नेचर'मध्ये आलं. बांबू फुलायला दशकं लागतात, आणि इथे तो बाटलीत फुलला. अशा गोष्टी ज्याच्या टेबलावर घडतात तो बहुधा विद्यार्थी असतो, कारण रोज बाटल्या तोच पाहतो. त्याने धावत येऊन सांगावं असं त्याला वाटलं पाहिजे. 'आधी टार्गेट पूर्ण कर' असं उत्तर एकदा मिळालं की तो पुन्हा येत नाही.

महाराष्ट्रात या शास्त्राची मुळं बऱ्यापैकी खोल आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात खारफुटीत कार्बन कसा बांधला जातो यावर काम केलं आणि त्या विभागातून शिकून गेलेल्यांनी पुढे आपापले विद्यार्थी घडवले. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, मांजरीला द्राक्षाची आणि उसाची केंद्रं आहेत, राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे. या ठिकाणी आत्ता बसलेल्या पंचविशीतल्या मुलांनी पाणी, मीठ आणि उष्णता या तीन विषयांवर जे शिकायचं आहे, ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दारात लगेच लागणार आहे.

लेखिकेशी माझे दोन मतभेद आहेत आणि ती ते छापायला तयार झाली याचा आनंद आहे. ती म्हणते, विद्यार्थ्याने दर आठवड्याला लेखी अहवाल द्यावा. मला वाटतं, त्याने अहवाल लिहिण्यात वाघ होणारी आणि कुंड्यांकडे फिरकणं सोडणारी मुलं तयार होतात. आठवड्यातून एकदा गाइडनेच ग्रीनहाउसमध्ये जावं, विद्यार्थ्याला तिथे भेटावं, उभ्याने बोलावं. अर्ध्या गोष्टी तिथल्या तिथे कळतात : कुंडी कोपऱ्यात आहे, शेडनेट फाटलं आहे, एका रांगेवर दुपारचं ऊन येतं. दुसरा मतभेद आकडेशास्त्राबद्दल. एका कुंडीतली पाच पानं म्हणजे पाच रेप्लिकेट नव्हेत, हे तिने शेवटून दुसऱ्या प्रकरणात टाकलं आहे. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला नाव दिलं आणि तरी ती दर वर्षी व्हायवाला भेटते. ते प्रकरण मी प्रयोग लावण्याआधी, दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं असतं. विद्यार्थी आकडेतज्ज्ञाकडे जातो तेव्हा बहुधा पीक कापून झालेलं असतं.

सोळाव्या प्रकरणातला हस्तांतराचा नमुना मात्र प्रत्येक विभागाने उद्याच वापरायला घ्यावा. विद्यार्थी जातो तेव्हा बियाण्याच्या पाकिटांवर वाण, हंगाम आणि तारीख आहे का, उणे ऐंशीच्या फ्रीजरमधल्या डब्यांचा नकाशा कोणाकडे आहे, लोडशेडिंगमध्ये जनरेटर लागला नाही तर कोणाला फोन करायचा, मूळ डेटा कोणत्या हार्ड डिस्कवर आहे. व्हायवाच्या दिवशी पेढे वाटण्याआधी हे पान भरून घ्यावं.

गाइडनी पुस्तक सातव्या प्रकरणापासून वाचायला घ्यावं, विद्यार्थ्यांनी तक्त्यापासून. यातले आकडे बहुतांशी पुण्याच्या हवेत तपासलेले आहेत. दापोलीच्या दमट पावसाळ्यात पानाची चकती किती वेळात पूर्ण फुगते, अकोल्याच्या मे महिन्यात सकाळचं रीडिंग किती वाजेपर्यंत ग्राह्य धरायचं, हे तिथल्या लोकांनी तपासून लेखिकेला कळवलं तर दुसऱ्या आवृत्तीत, त्यांच्या नावासह, ते घालायचं तिने कबूल केलं आहे.